दस्त्याबद्दलचं उरलेलं वाक्य

प्रिय अण्णा,

सासऱ्यांना पत्रात 'तीर्थरूप' लिहायचं असतं, माहीत आहे मला. पण तीर्थरूप म्हटलं की मागोमाग साष्टांग नमस्कार येतो, मग प्रकृतीची चौकशी येते, आणि तुमच्या प्रकृतीची चौकशी आता मी कुठल्या तोंडाने करू? म्हणून आपलं साधं 'प्रिय'. चालवून घ्या.

येत्या गुरुवारी तुमचं वर्षश्राद्ध. तुमचा समीर पुण्याला पोचलाय. मला रजा मिळाली नाही, म्हणून मी इथे जर्मनीत, बॉबलिंगेनलाच आहे. पण मी लिहायला बसले ते श्राद्धामुळे नाही. काल हेर बाऊर वर आले होते.

हो, वर! आपले घरमालक! तुम्हाला ठाऊकच आहे, हा माणूस काही सांगायचं असलं की जिन्याखालून हाक मारतो, दोन पायऱ्याही चढत नाही. काल मात्र कठड्याला धरून धरून पूर्ण वर आले, दारात उभे राहिले आणि धाप लागलेली असताना त्यांनी माझ्यापुढे मोबाइल धरला. फोटो होता. लाकडातली लांबट खाच, तेलाने काळपट झालेली, आणि तिच्यात पेन्सिलीने ओढलेल्या दोन रेघा आणि एक अक्षर.

"ही तुमची लिपी का, फ्राऊ साठे?"

आपली नव्हती. उर्दू असावी. मी म्हटलं, "माझी नाही, पण आमच्याकडची आहे."

मग त्यांनी सांगितलं. महिनाअखेरीला ते हे घर सोडून उल्मला, मुलीच्या जवळच्या वृद्धांच्या वसाहतीत राहायला जाणार आहेत. तिथे बंदुका नेता येणार नाहीत. म्हणून परवा बंदुकांचा कारागीर बोलावला होता. त्याने ती दुर्बिणीची थ्री-नॉट-थ्री उघडली, नळीखालचं पुढचं लाकूड काढलं आणि सांगितलं, हे लाकूड मूळचं नाही, भारतात बदललेलं आहे, आडव्या स्क्रूचं भोक नंतर कोणीतरी बुजवलंय.

"गेनाऊ, अगदी जे तुमचे सासरे म्हणाले होते तेच," हेर बाऊर म्हणाले. "तेच भोक! मग ते माझ्याकडे येऊन, चूक झाली, असं का म्हणाले?"

आणि मी काय उत्तर दिलं असेल? "मला माहीत नाही."

अण्णा, मला माहीत होतं! तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्या जिन्याला माहीत होतं.

तुम्ही पहिल्या उन्हाळ्यात आलात तेव्हाची गोष्ट आठवते? तीन महिन्यांचा व्हिसा, दोन बॅगा, त्यातल्या एकीत निम्मी सुतारकामाची हत्यारं. घरात पाऊल टाकल्यावर माणूस पाणी मागतो, हात-पाय धुतो. तुम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर बोटाच्या पेराने टकटक केलीत, नाक लावून वास घेतलात आणि म्हणालात, "हे लाकूड नाही रेवा, हा लाकडाचा फोटो आहे." आम्ही दोघांनी किती हौसेने आणलं होतं ते!

मग ती केअरवोखे. आठवडाभर जिना झाडायची पाळी, दाराला ती पाटी लटकली की आपली. मी तुम्हाला सांगितलं होतं, अण्णा, तुम्ही कशालाही हात लावू नका. मी ऑफिसातून येते तो काय, जिना झाडलेला, पुसलेला, आणि कठड्याला जवसाचं तेल! घरमालकाच्या कठड्याला! न विचारता! खालून हेर बाऊर आले. कठड्यावरून सावकाश हात फिरवला. मग वाकून वास घेतला, अगदी तुमच्यासारखाच. आणि तुम्हाला खाली केलरमध्ये घेऊन गेले.

तळघरातल्या त्या सुतारी बाकापाशी तुमची दोघांची जी गट्टी जमली, तिला काय म्हणावं? रोज दहा ते बारा. तुम्हाला जर्मन येत नाही, त्यांना मराठीच काय, धड इंग्रजीही येत नाही. एकदा मी चहा द्यायला आले तेव्हा तुम्ही दोघं मोडक्या खुर्चीच्या एका पायाकडे पाच मिनिटं बघत होतात. मग ते "या", म्हणजे हो, म्हणाले आणि तुम्ही "हं" म्हणालात. एवढंच संभाषण!

त्यांच्याकडे परवान्याच्या जुन्या लष्करी बंदुका आहेत हे कळलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. माणसं मारायची वस्तू, तिचं कसलं कौतुक, असं बोललेही मी तुम्हाला. तुम्ही चिडला नाहीत. "मी उभ्या नोकरीत एक गोळी झाडलेली नाही," म्हणालात. "लष्कराच्या वर्कशॉपात होतो, पण सुतार. गोळी कुठे गेली ते मला कधी कोणी सांगितलं नाही. लाकूड कुठे चिरलं ते सांगायचे."

आणि मग पोळ्या करता करता माझ्या हातातलं लाटणं काढून घेऊन तुम्ही मला शिकवणी दिलीत. थ्री-नॉट-थ्रीचा दस्ता अखंड नसतो. मागचा खांद्याला लागणारा वेगळा, पुढचं नळीखालचं लाकूड वेगळं. दुर्बिणीच्या बंदुकीला मागच्या दस्त्यावर गालासाठी लाकडी उशी असते आणि त्याच दस्त्यावर तिच्या दुर्बिणीचा नंबर मारलेला असतो, म्हणजे जोडी फुटू नये. पुढच्या लाकडावर बंदुकीचा नंबर.

"म्हणजे नंबर जुळले की सगळं मूळचं!" मी म्हटलं. मला वाटलं, मी हुशार.

तुम्ही इतके हसलात की पोळी करपली. "अगं, नंबर काय, नंबर मीच मारायचो! लाकूड बदललं की त्यावर तोच नंबर मारायचा, नियमच होता. नंबर बघायचा नाही. लाकूड धातूपेक्षा केसभर वर आहे का ते बघायचं. पॉलिशपेपर मारलेलं खाली बसतं. आकड्यांच्या कडा बोटाला लागतात का ते बघायचं. आणि आमच्या वर्कशॉपांत चिरू नये म्हणून पुढच्या लाकडात आडवा स्क्रू घालायचे, विलायतेहून आलेल्याला तो नसतो."

आणि जाता जाता सांगितलंत की नळीखालच्या खाचेत, जिथे कोणी बघत नाही, तिथे प्रत्येक सुतार पेन्सिलीने आपली खूण करायचा. "बाहेर सरकारचा नंबर, आत माझी रेघ." तुमची खूण कोणती होती हे मी विचारलंच नाही. पोळीच्या नादात राहून गेलं. आता कोणाला विचारू?

तर तो दुसऱ्या उन्हाळ्यातला रविवार. तुम्ही भारतात परतायला दहा दिवस होते. हेर बाऊरनी आपल्या दोघांना साडेतीनच्या कॉफीला बोलावलं होतं. टेबलावर प्लमचा केक, भिंतीवर त्यांच्या बायकोचा, हिल्डेचा फोटो, आणि टॉवेलवर ती बंदूक. त्यांनी मुद्दाम तुमच्यासाठी काढली होती. ते निवृत्त झाले तेव्हा हिल्डेने त्यांना भेट दिली होती ती. तिला बंदुकांतलं काही कळत नव्हतं, पण एका कागदावर काय काय बघायचं ते लिहून घेऊन ती विक्रेत्याकडे गेली होती आणि एकेक नंबर स्वतः जुळवून आली होती. दुसऱ्या वर्षी ती गेली. "सगळं मूळचं," हेर बाऊर म्हणाले. "एक स्क्रूही बदललेला नाही."

मी भाषांतर केलं. तुम्ही चष्मा चढवलात. मागच्या दस्त्यावरून हात फिरवलात, मान डोलावलीत. मग पुढच्या लाकडापाशी तुमचं बोट थांबलं. परत मागे गेलं. परत थांबलं. आणि तुमचा चेहरा असा उजळला अण्णा! आमच्या लग्नातही मी तुम्हाला इतकं खूश पाहिलं नव्हतं!

"रेवा, हे आपल्याकडचं लाकूड गं! काश्मिरी आक्रोड! हे बघ, इथे स्क्रू होता, लाकडाची गुटी मारून बुजवलाय. त्यांना सांग, पुढचं लाकूड मूळचं नाही. पण ज्याने बसवलंय त्याने मूळच्यापेक्षा जीव लावून बसवलंय. आणि सांग, टाकून द्यायच्या बंदुकीला कोणी नवं लाकूड घालत नाही."

आणि मी काय सांगितलं? 'पुढचं लाकूड मूळचं नाही, असं ते म्हणतात.' संपलं. पुढचं गिळलं.

का, ते मी वर्षभर स्वतःला विचारतेय. 'जीव लावून' याला जर्मन सापडेना, हे खरं. मोबाइलवर ऑफिसचे निरोप वाजत होते, हेही खरं. पण त्याहून खरं म्हणजे मला लाज वाटली. केक खायला बोलावलेल्या माणसाने घरमालकाच्या वस्तूत खोट काढली, असं वाटलं, आणि विषय लवकर संपावा म्हणून मी वाक्य तोडलं. तुम्ही तर आनंदाने बोलत होतात. त्यांना फक्त हिल्डे फसली एवढंच ऐकू आलं.

हेर बाऊरनी टॉवेलची टोकं एकेक करून बंदुकीवर घेतली. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. पुढचंही सांगितलंस ना, असं डोळ्यांनी विचारत होतात. मी मान हलवली. हो म्हणून!

दुसऱ्या दिवसापासून केलरच्या दाराला कुलूप. तुम्ही दहाला खाली जायचात आणि पाच मिनिटांत वर यायचात. "आज नाहीत वाटतं," म्हणायचात. गुरुवारी पत्रपेटीत त्यांची चिठ्ठी आली: घराविषयी बोलायचं आहे, सवडीने भेटा. इथे भाड्याचं घर मिळवायला आम्ही किती महिने वणवण केली होती! आइगनबेडार्फ, म्हणजे घर मालकाला स्वतःला हवंय, असं त्यांनी म्हटलं की संपलं. समीर म्हणाला, उगाच घाबरतेस. मी ऐकते कुठे!

संध्याकाळी मी तुमच्यासमोर येऊन बसले. म्हटलं, "अण्णा, त्यांना जाऊन सांगा की तुमची चूक झाली."

"माझी?" तुम्ही म्हणालात. "दस्त्यात?"

"हो. म्हातारे डोळे, नीट दिसलं नाही, असं काहीतरी. काय जातंय त्यात?"

हे 'काय जातंय त्यात' मला आता कुठेही ऐकू येतं. दुकानात कोणी म्हटलं तरी दचकते.

तुम्ही वाद घातला नाहीत. घालायला हवा होतात! एवढं एकच माझं तुमच्याशी भांडण आहे. समीरवर ओरडायचात तसं माझ्यावर ओरडायचं होतंत. 'रेवतीबाई, लाकडाच्या बाबतीत मला शिकवू नका,' एवढं म्हणाला असतात तर मी गप्प बसले असते. पण तुम्ही सुनेच्या घराकडे बघितलंत, सुनेच्या चेहऱ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "लिहून दे. पाठ करतो."

मी वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे देवनागरीत लिहून दिलं: 'इश हाबे मिश गेइर्ट.' माझी चूक झाली. तुम्ही स्वयंपाकघरात फेऱ्या मारत ते पाठ केलंत, शाळेतल्या मुलासारखं, 'मिश'पाशी अडखळत. दोन उन्हाळ्यांत तुम्ही शिकलेलं हे एकमेव पुरं जर्मन वाक्य. आणि ते खोटं.

इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही खाली गेलात. मी वरच्या पायरीवर उभी होते. तुमचा आवाज आला, एकही अडखळ न घेता. मग हेर बाऊर म्हणाले, "शोन गूट, शोन गूट." राहू द्या, राहू द्या. तुम्ही वर आलात, हात धुतलेत आणि म्हणालात, "झालं. चहा टाक."

ती चिठ्ठी कशाची होती सांगू? खिडक्या बदलायच्या होत्या त्यांना. खिडक्या!

तेव्हापासून तुम्ही मला नुसतं 'रेवती' म्हणायला लागलात. रागावलात की 'रेवतीबाई' असायचं आणि एरवी 'रेवा'. हे 'रेवती' मला नवीन होतं. विमानतळावर मात्र आत जाता जाता वळलात आणि म्हणालात, "रेवा, जवसाचं तेल संपलंय. कठड्याला वर्षातून एकदा तरी लाव." मी मान डोलावली आणि गाडीत बसून रडले. तेल लावलं का? नाही. तेही नाही लावलं.

मग तो जानेवारी. फोन आला तेव्हा समीर एकटा पुढे निघाला आणि मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तुमच्या चष्म्याचं घर माझ्याकडे आलं. त्यात घडी घातलेली ती यादी होती, तूरडाळ, हिंग, साबुदाणा, आणि मागे माझं ते वाक्य. त्याच्याखाली तुमच्या अक्षरात, पेन्सिलीने, अगदी बारीक: 'बोलण्यात. दस्त्यात नाही.'

मी ते समीरलाही दाखवलेलं नाही, अण्णा. वर्षभर खणात आहे.

काल मी 'माहीत नाही' म्हटल्यावर हेर बाऊर परत फिरले नाहीत. कठड्यावर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "त्या रविवारनंतर दुसऱ्याच दिवशी भिंग घेऊन बसलो होतो, ती बुजवलेली जागा मलाही दिसली होती. मग तुमचे सासरे चूक झाली म्हणायला आले आणि मी 'राहू द्या' म्हटलं. मला तेच ऐकायचं होतं. आणि नंतर त्यांच्यासमोर जायला तोंड राहिलं नाही, म्हणून केलर पुढेही बंदच ठेवलं."

बघा! तुम्ही दोघंही खरं जाणून होतात आणि दोघंही गप्प. ते दहा ते बारा, त्यातले शेवटचे दहा दिवस, मी एकटीने वाया घालवले नाहीत, पण सुरुवात माझी.

जाताना ते म्हणाले, "सोमवारी तो कारागीर बंदूक घेऊन जाईल. बिचारी हिल्डे. कागद घेऊन गेली होती. तिला बनवलं त्यांनी." आणि हळूहळू खाली उतरले.

म्हणजे अण्णा, ते वाक्याचा तोच अर्धा तुकडा घेऊन उल्मला जाणार आहेत. सांगायचं कसं? 'तुम्ही आम्हाला घराबाहेर काढाल या भीतीने मी माझ्या सासऱ्यांना खोटं बोलायला लावलं,' हे घरमालकाच्या तोंडावर? उद्या त्यांची मुलगी आवराआवरीला येतेय आणि यापुढे हे घर तिच्या हातात असणार आहे. म्हणजे भीती तीच, फक्त मालकीण बदलली. सकाळपासून तीनदा वाटलं, असू दे, काय जातंय...

नाही. हे वाक्य मी पुन्हा पुरं करणार नाही.

आज बाजारातून जवसाचं तेल आणलंय. दुपारी अख्खा कठडा पुसून, तेल लावून झाला. हाताचा वास अजून गेलेला नाही, कागदालाही लागला असेल. तुम्हाला आवडेल.

उद्या रविवार. साडेतीनला मी खाली जाईन. मुलगी असली तरी जाईन. त्यांना ती बंदूक पुन्हा टॉवेलवर काढायला लावीन आणि तुमचं वाक्य सांगेन, सगळंच्या सगळं: लाकूड मूळचं नाही, ज्याने बसवलं त्याने जीव लावून बसवलं, आणि टाकून द्यायच्या बंदुकीला कोणी नवं लाकूड घालत नाही. 'जीव लावून'ला जर्मन अजून सापडलेलं नाही. आधी मराठीत म्हणेन आणि मग त्यांचं बोट धरून त्या गुटीवर ठेवीन. तुमची दोघांची भाषा तीच होती. हिल्डेने काही वाईट आणलं नव्हतं, हे त्यांना बोटातून कळेल.

आणि मग तुमचा तो कागद उलगडून त्यावरचं वाक्य मोठ्याने वाचीन. इश हाबे मिश गेइर्ट. ते मुळात माझंच होतं, अण्णा. तुम्हाला उगाच पाठ करायला लावलं.

तुमची,
रेवा